सत्तेचाळीस नंबरची गळती

२ मार्च

धाकट्या मालकांनी आज ही वही दिली. कॉम्प्रेसरचे आकडे रोज दोनदा लिहायचे, सकाळी आणि दुपारी. आकडे मी मागच्या पानांवर लिहीन. पुढची पानं कोरीच राहणार, तेव्हा ती माझी. घरी काही बोलायला गेलं की ही म्हणते, "तुमचं हवेचं पुराण पुरे आता." वही तसं म्हणणार नाही.

प्रकरण असं आहे. आमच्या पावाच्या कारखान्यात दोन लाईनी आणि दोन भट्ट्या. दोन्हींना दाबाची हवा पुरवणारे दोन कॉम्प्रेसर. पीठ नळातून ढकलायला हवा, कणकेचे गोळे तोडायला हवा, साच्यातून पाव उचलायला हवा, पिशवीचं तोंड उघडायला हवा. भट्ट्यांना गॅस आहे, पण विजेत सगळ्यांत खादाड हे दोन कॉम्प्रेसर. धाकटे मालक म्हणाले, जूनपर्यंत दोन्ही लाईनी एका कॉम्प्रेसरवर चालवून दाखवा, नाहीतर दोन नंबरची लाईन बंद करावी लागेल.

दोन नंबरच्या भट्टीच्या तोंडाशी माझा दादा उभा असतो. एकवीस वर्षं झाली. छप्पन्न वय, हातात दुसरं कसब नाही. वडील गेल्यावर यानेच मला शिकवलं आणि पंधरा वर्षांपूर्वी मॅनेजर साहेबांच्या हातापाया पडून मला इथे फिटर म्हणून चिकटवलं. लाईन बंद झाली तर त्याला दारात कोण उभं करणार?

चहाच्या वेळी त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "हवा काय, फुकटच असते की."

"फुकट नाही दादा. इथली सगळ्यांत महाग वस्तू आहे ती."

"मग श्वास जपून घ्यायला हवा," म्हणाला आणि हसत भट्टीकडे गेला.

३ मार्च, मंगळवार

आज कारखान्याची सुट्टी. मुद्दाम हाच दिवस धरला. सगळी मशीनं बंद, मी एकटा, आणि एक कॉम्प्रेसर चालू. हवा वापरणारं कुणीही नसताना तो दहा मिनिटांतली चार मिनिटं धापा टाकत होता. म्हणजे तेवढी हवा नुसती गळून जाते.

आणि आवाज! एरवी खडखडाटात काही कळत नाही. आज कारखानाभर फुस्स, फुस्स. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक जोड रंगवत गेलो. जिथे बुडबुडा तिथे लाल कार्ड. कार्डावर नंबर, ठिकाण आणि माझं नाव. दुपारपर्यंत सेहेचाळीस झाले. अर्ध्याहून जास्त तर प्लास्टिकच्या नळ्या तडकलेल्या. हवेतलं साचलेलं पाणी सोडायचे नळ लोकांनी कायमचे उघडे ठेवलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. दुसरा कॉम्प्रेसर घेतला होता तो या गळत्यांसाठीच.

सत्तेचाळिसावी सगळ्यांत चमत्कारिक. दोन नंबरच्या भट्टीच्या तोंडावर, वरच्या नळातून एक तांब्याची बारीक नळी काढलेली. खाली वाकवलेली, टोक पक्कडीने तीन ठिकाणी चेपलेलं. कशालाच जोडलेली नाही. मशीनकडे तोंडसुद्धा नाही तिचं. जोड वाकडा, दोऱ्याऐवजी चिंधी गुंडाळलेली. कुण्या शिकाऊ गड्याचे उद्योग. गळती मोठी नाही, पहिल्या दहांतसुद्धा येणार नाही. पण असलं काम बघितलं की माझं डोकं फिरतं.

५ मार्च

भट्टीवर सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी बसवलं?" जो तो कामाकडे वळला. दादा ट्रे ओढत होता. वर न बघता म्हणाला, "नको असेल तर काढ." मी म्हटलं, आधी मोठ्या गळत्या, हिचा नंबर शेवटी.

११ मार्च

सतरा झाल्या. आज हवेच्या बंदुका जमा केल्या. सुटी होताना जो तो बंदूक घेऊन अंगावरचं पीठ उडवत बसायचा, उकडलं की सदऱ्यात हवा सोडायचा. एक बंदूक म्हणजे वीस गळत्यांची हवा. शिवाय दाबाची हवा अंगावर घ्यायची नाही असा नियमच आहे, डोळा जाऊ शकतो. बंदुका घेतल्या आणि प्रत्येकाला ब्रश दिला.

पॅकिंगच्या मावशी माझ्यापेक्षाही जुन्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वा रे फिटर! आमच्यातलाच, आणि आमच्याच मुळावर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" सगळे हसले. मीही हसलो. जूनमध्ये लाईन वाचली की हेच लोक मला खांद्यावर घेतील.

१९ मार्च

कॉम्प्रेसरची खोली भट्ट्यांच्या भिंतीला लागून आहे. बिचारा तापलेली हवा ओढतो आणि जास्त वीज खातो. आज मागच्या भिंतीला भोक पाडून पत्र्याचा मोठा नळ बसवला. आता तो बाहेरची, सावलीतली हवा घेतो. खोलीचं तापमान चाळीसवरून एकतीसवर आलं. मागच्या पानावर लाल पेनाने लिहिलं.

दादा येऊन बघून गेला. नळाच्या तोंडाशी गाल धरून उभा राहिला थोडा वेळ. म्हणाला, "नशीबवान आहे रे तुझा कॉम्प्रेसर."

जाताना म्हणाला, "भट्टीवरच्या पंख्याचं बघ जमलं तर." धूर आणि गरम हवा बाहेर फेकणारा तो मोठा पंखा दोन महिने बंद पडून आहे. बेअरिंग गेलंय. पण त्याचा हवेच्या हिशेबाशी संबंध नाही. यादीत खाली लिहून ठेवला.

२४ मार्च, मंगळवार

दादाकडे जेवायला गेलो. वहिनींच्या कुंड्यांच्या रबरी नळीला फवारा हवा होता. खिशात तांब्याच्या नळीचा तुकडा होता, पक्कड घेतली, टोक चेपलं आणि बसवून दिला. दोन मिनिटांचं काम. वहिनी खूश. दादा पायरीवर बसून बघत होता. "सवय गेली नाही तुझी," म्हणाला. मी म्हटलं, हाताला वळण लागलं की जात नाही.

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, लाईन राहील ना हो?" मी म्हटलं, "मी आहे ना."

७ एप्रिल, मंगळवार

छत्तीस. दाब साडेसातवरून सहावर आणला. मोठं धाडस होतं, कारण पाव उचलणारी मशीनं अडतील असं साहेब म्हणत होते. एकही अडलं नाही. इतकी वर्षं सगळेजण उगाच साडेसात धरून बसले होते. धाकट्या मालकांनी पाठ थोपटली. दारात फळा लावलाय, त्यावर मोठ्या आकड्यात "उरलेल्या गळत्या" लिहितात. आज अकरा.

१४ एप्रिल, मंगळवार

फळ्यावर १ उरला होता. उद्या मोठे मालक येणार, तेव्हा धाकट्यांना शून्य हवं होतं. मी म्हटलं, ती किरकोळ आहे, तिच्याने काही अडत नाही. ते म्हणाले, "एक दिसतो ना फळ्यावर." बरोबरच आहे. शून्य ते शून्य.

शिडी धरायला सुट्टीच्या दिवशी दादालाच बोलावून घेतलं. मी वर चढलो, नळी काढली, तिथे टोपण घट्ट बसवलं, साबण लावून बघितलं. बुडबुडा नाही. दादा खाली दोन्ही हातांनी शिडी धरून माझ्याकडे बघत होता.

"झालं?" म्हणाला.

"झालं. आता भट्टीवर वाया जाणारी हवा शून्य."

"बरं झालं," म्हणाला. नळी मी भंगाराच्या डब्यात टाकली. परतताना मी त्याला सबंध रस्ता आकडे सांगत होतो.

२२ एप्रिल

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन नंबरचा कॉम्प्रेसर बंद केला. सगळे दाराशी जमले होते. दोन्ही लाईनी चालू, काटा सहावर. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, तासभर झाला. हलला नाही. धाकट्या मालकांनी सगळ्यांना सांगितलं, दोन नंबरची लाईन चालू राहणार. पॅकिंगच्या मावशींनी माझ्या गालावरून पिठाचे हात फिरवले.

दादा सगळ्यांत शेवटी आला. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "वाचवलंस रे धाकट्या." त्याचा तळवा चटका बसेल इतका गरम होता. भट्टीवरून आला होता. मला भरून आलं, ते लपवायला मी काटा पुसत बसलो. एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता (हे हिने वाचू नये).

२९ एप्रिल

ऊन कडक. कॉम्प्रेसरची खोली तेहतीस, ठीक आहे.

दादा हल्ली चिडका झालाय. डोक्यावर ओला पंचा घेऊन उभा असतो, तो पाच मिनिटांत वाळतो. मध्येच जाऊन पिठाच्या पोत्यांवर बसतो. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, भावाला झेपत नाही का आता? मला राग आला, साहेबांचा आणि खरं तर दादाचाही. ज्या लाईनीसाठी मी जिवाचं रान केलं तिच्यावर याने असं बसून राहावं? दादाला म्हटलं, "जरा सांभाळ. लोक बघतात."

"हो," म्हणाला. "सांभाळतो."

४ मे

वहिनींचा फोन. ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात, जेवण जात नाही, पाणीच पीत राहतात. मी म्हटलं, वय झालं वहिनी, लिंबू-मीठ घालून पाणी द्या, रक्तदाब तपासून घ्या. तपासला, थोडा वाढलेला निघाला. म्हणजे तेच कारण.

पंख्याचं बेअरिंग आलंय, दुकानदाराने पोचवलं. पण या आठवड्यात मोठ्या मालकांच्या दुसऱ्या कारखान्याची माणसं माझं काम बघायला येणार आहेत. त्यांच्यासाठी तक्ते रंगवतोय. पंखा पुढच्या मंगळवारी.

९ मे

शरमेची गोष्ट. पाहुणे उभे असताना दादाने पावांची अख्खी खेप जाळली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. वेळ झाल्याची घंटा वाजत होती आणि हा तिच्याकडे नुसता बघत उभा. साहेब ओरडले. मी धावत जाऊन ट्रे ओढले. दादा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला आलात इथे?"

बाबा जाऊन तीस वर्षं झाली. मला वाटलं, शरमेने थट्टा करतोय. मी म्हटलं, "नाटकं पुरे, घरी जा." तो गेला. पाहुण्यांना मी म्हटलं नाही की हा माझा भाऊ आहे.

१२ मे, मंगळवार

पंखा राहिला. धाकट्या मालकांनी दुसऱ्या कारखान्यात गळत्या मोजायला पाठवलं. एकोणनव्वद! तिथल्या फिटरला हवेतलं ओ की ठो कळत नाही.

१३ मे

दुपारी पाऊणला दादा पडला. भट्टीच्या तोंडाशीच. ट्रे हातात होता.

१४ मे

इस्पितळात. अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्यात. कातडी कोरडी, घामाचा थेंब नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काम कुठे करतात?" सांगितलं. "तिथे हवा खेळती आहे?" मी सांगायला लागलो की आमच्याकडे हवेवर खूप काम झालंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं तसा मी थांबलो.

१५ मे

पहाटे गेला.

२५ मे

वही उघडवत नव्हती. आज ही म्हणाली, लिहा, लिहिलं की माणूस हलका होतो. काय लिहू? सगळे म्हणतात, उन्हाळा वाईट होता. साहेब म्हणाले, रक्तदाब होताच. मीही तेच म्हणतो. रक्तदाब होताच.

मागची पानं चाळली. कॉम्प्रेसरच्या खोलीचं तापमान मी रोज दोनदा लिहिलंय, दादा पडेपर्यंत कामाचा एक दिवस चुकलेला नाही. भट्टीच्या तोंडाशी किती असतं ते मी कधीच मोजलं नाही. आज मोजलं. एकोणपन्नास.

२६ मे, मंगळवार

साहेबांनी दादाचं कपाट रिकामं करायला सांगितलं. डबा, दोन पंचे, चपलांचा जोड, मुलीच्या लग्नातला फोटो. खाली रुमालात काहीतरी बांधलेलं. सोडलं तर ती तांब्याची नळी. भंगारातून उचलून, पुसून ठेवलेली. मला काही कळेना. भंगाराचा तुकडा कशाला जपायचा? सगळं पिशवीत भरून वहिनींकडे नेलं.

वहिनी एकेक वस्तू मांडीवर घेत होत्या. नळी हातात आली तशी म्हणाल्या, "ही तुमचीच ना हो, वाऱ्याची?"

मी म्हटलं, "कसल्या वाऱ्याची?"

"अहो, तुम्हीच बसवली होतीत की. नोकरीला लागलात त्याच्या पहिल्या आठवड्यात. हे म्हणाले होते, डोक्यावर जरा वारा येईल असं काही कर. तुम्हाला तर धड हत्यारं पण नव्हती दिली तेव्हा. त्या दिवशी घरी आले ते उड्या मारतच. मला म्हणाले, धाकट्याच्या हातची पहिली वस्तू, आणि ती माझ्यासाठी. दर उन्हाळ्यात म्हणायचे, माझी भट्टी दुसरी पण वारा पहिल्या नंबरचा."

मी नळी घेऊन उजेडात धरली. तीन चेपे. कुंड्यांच्या नळीला मारले तसेच, तेवढ्याच अंतरावर. चिंधी माझ्या जुन्या सदऱ्याची होती. तो निळा चौकड्यांचा सदरा मला स्वच्छ आठवला, आणि मग सगळंच आठवलं. शिडी धरायला तेव्हाही तोच होता.

"का नाही बोलला, वहिनी? एक शब्द बोलला असता तर मी हात लावला असता का?"

वहिनींनी मांडीवरच्या पंच्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, सांगा भाऊजींना. तर म्हणाले, त्याचं शून्य होतंय, त्यात मी कुठे आडवा येऊ. लाईन राहिली तर सगळ्यांची चूल राहील. एक उन्हाळा काढतो म्हणाले."

मी त्यांच्यासमोर रडलो. त्यांनीच मला पाणी आणून दिलं. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ जून, मंगळवार

पंख्याचं बेअरिंग बदललं. शिडी लावण्यापासून पंखा चालू होईपर्यंत पावणेदोन तास लागले.

मग टोपण काढून नळी पुन्हा बसवली. जोड या वेळी सरळ केला, मध्ये चालू-बंद करायची चावी टाकली, बाकी तीच नळी, तेच टोक. शिडी धरायला कुणी नव्हतं. दोराने खांबाला बांधली.

३ जून

भट्टीवर आता नवा माणूस आहे. दूरचा आहे, फार बोलत नाही. त्याला चावी दाखवली. वारा डोक्यावर आला तसे त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "हां."

धाकटे मालक फेरीवर आले. फळ्यावरचं शून्य त्यांनी अजून पुसू दिलेलं नाही. नळीकडे बोट करून म्हणाले, "ही पुन्हा कशी आली? हे कुणी बसवलं?"

"मी," म्हटलं. "पंधरा वर्षांपूर्वी."

ते घुटमळले. मग म्हणाले, अंगावर दाबाची हवा घ्यायची नाही हा तुमचाच नियम आहे. मी म्हटलं, हो, आणि तीन हात अंतरावरून वारा येतो त्याने डोळा जात नाही, हेही मलाच कळायला हवं होतं. काढायची असेल तर दुसरा फिटर बघा. ते पुढच्या फेरीला निघून गेले. उद्या काय म्हणतील माहीत नाही.

लाल कार्ड एकच शिल्लक होतं. त्यावर लिहिलं: नंबर सत्तेचाळीस. ठिकाण, दोन नंबरच्या भट्टीचं तोंड. काम, खाली उभ्या माणसाला वारा. बंद करू नये. खाली माझं नाव घातलं आणि तारेने नळीला बांधलं.

मग कॉम्प्रेसरच्या खोलीत जाऊन काटा बघितला. सहावर होता. पाच मिनिटं उभा राहिलो, मग पंधरा, मग जेवणाच्या सुटीची घंटा होईपर्यंत. काटा सहावरच होता.